फळ्यावरची शेळी मरत नाही

धुळ्याहून जळगावकडे निघालं आणि पारोळा मागे पडलं की रस्त्याच्या कडेला तो फ्लेक्स दिसतो. नजर चुकली तरी काळजी नको, एरंडोलजवळ दुसरा आहे. कोट घातलेला एक माणूस आणि त्याच्या काखेत करडू. माणूस हसतोय, करडू हसत नाहीये. दोघांपैकी व्यवहार कुणाला कळलाय ते तिथेच कळतं. खाली मजकूर: ‘नवशेतकरी व्हा! दोन दिवसांचं निवासी प्रशिक्षण. फी फक्त ४,९९९ रुपये. चहा, नाश्ता, जेवण, बॅग व प्रमाणपत्रासह. मोजक्याच जागा शिल्लक.’ दोन उन्हाळ्यांनी फ्लेक्सचा रंग उडवला, पण जागा अजून शिल्लकच आहेत.

नावं घेण्यात अर्थ नाही. नाव काहीही असलं तरी शेवटी ‘ॲग्रो’ असतं. शिकवणारा कुणीही असला तरी तो ‘सर’ असतो आणि हॉल कुठलाही असला तरी तो मंगल कार्यालयाचा असतो, मागे कुणाच्या तरी हळदीचा मांडव अजून अर्धा सुटायचा असतो. पहिल्या दिवशी सकाळी अळिंबी, मधमाशी, गांडूळखत, ड्रॅगन फ्रूट असं सगळं एकेक तासात उरकतं. दुपारच्या जेवणानंतर मात्र सर कोट काढतात, बाह्या सरसावतात आणि पांढऱ्या फळ्यावर शेळी काढतात. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत शेळी फळ्यावरून उतरत नाही. (जेवण शाकाहारी असतं. शेळीपालनाच्या वर्गात मटण वाढलं तर हिशेब चुकेल, असा माझा अंदाज.)

सरांचा हिशेब असा. सुरुवात १० शेळ्या आणि १ बोकड. शेळी पाच महिन्यांत विते, म्हणजे १४ महिन्यांत दोन वेतं. उस्मानाबादी जात घेतली की जुळी ठरलेली. म्हणजे १० शेळ्यांची १४ महिन्यांत ४० करडं. निम्म्या पाठी, निम्मे बोकड. बोकड विकायचे, पाठी ठेवायच्या. दहाच्या तीस झाल्या. पुढच्या १४ महिन्यांत तिसाच्या नव्वद. मग २७०. मग ८१०. झाली फक्त चार वर्षं आठ महिने. या काळात विकलेले बोकड ८००. बोकड ८ हजाराला धरला (‘मी कमीच धरतोय हं,’ असं सर म्हणतात. मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक सरांनी कमीच धरलेलं आहे), तर ६४ लाख. गोठ्यात उभ्या ८१० शेळ्या त्याच भावाने ६४ लाख ८० हजारांच्या. एकूण १ कोटी २८ लाख ८० हजार. सर मार्करला टोपण लावतात. टाळ्या.

टाळ्या थांबल्यावर मला पहिली शंका आली ती बोकडाची. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘१ बोकड’ असं जे लिहिलं होतं ते शेवटपर्यंत तसंच होतं. शेळ्या ८१० झाल्या, बोकड तोच एक. सरकारी योजनासुद्धा १०० शेळ्यांमागे ५ बोकड धरतात, आणि सरकारवर घाईचा आरोप आजपर्यंत कुणी केलेला नाही. इथे तो एकटा जीव पहिल्या पिढीच्या शेळ्यांना पुरला, त्यांच्या पाठींना पुरला, नातींना पुरला आणि पणतींच्या वेळीही हजर होता. त्याच्या नात्यागोत्याचा, प्रकृतीचा, निदान वयाचा विचार कुणीतरी करायला हवा होता. शिवाय काल जन्मलेली पाठ पुढच्या ओळीत आई झालेली असते. तिला वाढायला वर्षभर द्यावं लागतं, ते फळ्यावर मावत नाही.

सर ८१० वर थांबतात, हा त्यांचा विनय. मी घरी येऊन पुढे मोजलं. फळ्याच्या नियमाने दर १४ महिन्यांनी तिप्पट. पंधरा वर्षं दोन महिन्यांनी आपल्या नवशेतकऱ्याकडे १ कोटी ५९ लाख माद्या होतात. २०१९ च्या पशुगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात नर-मादी, लहान-थोर मिळून शेळ्या निघाल्या १ कोटी ६ लाख. म्हणजे शिंदखेडा तालुक्यातला एक मुलगा, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन, पंधरा वर्षांत महाराष्ट्राला मागे टाकतो. अठरा वर्षं आठ महिन्यांनी त्याच्या ४३ कोटी होतात. देशात त्या गणनेत होत्या १४ कोटी ८९ लाख. बोकड तोच. मग येतो विसाव्या वर्षाचा टप्पा. एकोणीस वर्षं दहा महिन्यांनी आकडा जातो १२९ कोटींवर. जगातल्या सगळ्या शेळ्या, चीनच्या, नायजेरियाच्या, पाकिस्तानच्या धरून, सव्वाशे कोटींच्या आत आहेत. आणि हा झाला एका प्रशिक्षणार्थीचा हिशेब, बॅच असते चाळीसची. एक शेळी हिरवा-वाळला मिळून दिवसाला चार किलो चारा खाते. पहिली बॅच वयात आली की सातपुडा संपेल, दुसऱ्या बॅचला सह्याद्री लागेल, आणि तिसऱ्या बॅचच्या शेळ्या फळा खातील. बरंच होईल.

हिशेबात चूक काय आहे हे सांगायला सरांची गरज नाही, प्रत्येक गावात एक आजी असते. साक्रीच्या डांगाकडे असते, चोपड्याला सातपुड्याच्या पायथ्याशी असते, पाचोऱ्यालाही असते. तीस-पस्तीस वर्षांपासून तिच्या दारात शेळ्या आहेत. फळ्याच्या नियमाने एव्हाना जगातल्या सगळ्या शेळ्या तिच्या असायला हव्या होत्या. तिच्याकडे चार आहेत. कधी पाच होतात, कधी तीन. बाकीच्या गेल्या कुठे? एक जूनमध्ये नातवाच्या वह्या-पुस्तकांत गेली. एक लेकीच्या बाळंतपणात. एक म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूत. दोन पीपीआरच्या साथीत नाक गळून, हगवण लागून गेल्या. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत हावरटासारखं खाल्लेली दोन गुबगुबीत करडं आंत्रविषाराने रात्रीतून आडवी झाली. लस पावसाळ्याआधी टोचायची असते, आणि लस टोचणारा पावसाळ्यानंतर येतो. एक गाभडली. एकीला बिबट्याने नेलं, आणि पंचनामा करणारे आले तेव्हा ‘शेळी कुठे आहे?’ असं विचारून गेले. एक चोरीला गेली, तीसुद्धा मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसून. नाक्यावरच्या कॅमेऱ्याला ती तिसरी सीट वाटली असावी. शेळी म्हणजे आजीचं बँकेचं खातं आहे. अडीनडीला पैसे काढले की शिल्लक कमी होते, हे पासबुक न वाचता येणाऱ्या बाईला कळतं. आजी हे सगळं फुकट सांगेल, वर शेळीच्या दुधाचा चहा पाजेल. सरांच्या फळ्यावर अधिक होतं, गुणिले होतं, बरोबर होतं. वजाबाकीचं चिन्ह दोन दिवसांत एकदाही आलं नाही.

इथवर मी हसत होतो. मग माझी नजर शेजारच्या खुर्चीवर गेली.

हॉलमध्ये पुण्याहून आलेले दोन संगणकवाले होते. त्यांचं काही बिघडणार नाही, ते पुढच्या शनिवारी मातीची भांडी करायला शिकतील. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांनी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. पण बाकीच्या खुर्च्यांत होती बावीस ते अठ्ठावीसची पोरं. शिरपूरची, जामनेरची, शिंदखेड्याची, यावलची. राज्यातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी १.३४ हेक्टर जमीन येते, असं २०१५-१६ च्या कृषिगणनेत निघालं होतं. तीन-सव्वातीन एकर. त्यात दोन भाऊ. त्या दीड एकरात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली ती काही एका वर्षापुरती नाही. तिकडे रावेर-यावलात केळीवर सीएमव्ही विषाणूचा रोग आला तेव्हा लोकांनी उभ्या बागा उपटून बांधावर फेकल्या. त्यातून वाचली ती मे महिन्यातल्या वावधानात आडवी झाली. घरात बाप म्हणतो, शेती करू नको. बाहेर नोकरी नाही. आणि शेती करतो म्हटलं की मुलगी दाखवायला कुणी तयार नाही. लग्न जमवणाऱ्याने हल्ली सांगूनच ठेवलंय, बायोडाट्यात ‘शेती’ लिहू नका, ‘ॲग्रो उद्योजक’ लिहा. तर ‘ॲग्रो उद्योजक’ लिहिता यावं म्हणून माझ्या शेजारच्या पोराने ४,९९९ रुपये भरले होते. कापसाला क्विंटलला सात हजार भाव धरला (मीही कमीच धरतोय हं), तर हे सत्तर किलोच्या वर कापसाचे पैसे झाले. सत्तर किलो कापूस कुणीतरी वाकून, बोटं ओरबाडून घेत, बोंडाबोंडातून वेचलेला असतो. बहुतेक घरांत ती आई असते. तिची ती वेचणी या माणसाने पोह्यांची एक प्लेट, वह्या ठेवायची एक बॅग आणि खोटा गुणाकार यांत जिरवली. याला प्रशिक्षण म्हणायचं? आमच्याकडे पाकीटमारालाही थोडी लाज असते, तो निदान प्रमाणपत्र देत नाही.

आणि राग नुसता सरांचाही नाही. आजीच्या करडांना वेळेवर लस देणारं कुणी तालुक्यात असतं, दवाखान्यातल्या खुर्चीत बसायला डॉक्टर असता, शिकवायला सरकारी पगार घेणारा माणूस वर्षातून दोनदा गावात येऊन वडाखाली बसता, तर या कोटवाल्याला मंगल कार्यालय भाड्याने घ्यायची हिंमतच झाली नसती. पण असू द्या. मी उपहास लिहायला बसलोय.

तर दुसऱ्या दिवशी शिवारफेरी. सरांचा स्वतःचा फार्म. शेळ्या १८. शाम्पूने धुतलेल्या, गळ्यात लाल रिबिनी, फ्लेक्सवरचं करडू त्यांच्यातच, आता चांगलं थोराड झालेलं, कॅमेरा दिसला की आपणहून काखेत यायला बघणारं. मी विचारलं, सर, तुम्ही या धंद्यात किती वर्षं? सर म्हणाले, आठ. आठ वर्षांत फळ्याच्या नियमाने सात हजारांच्या वर माद्या व्हायला हव्यात. मी पुन्हा मोजल्या. अठराच.

मग लक्षात आलं की मी चुकीचा कळप मोजतोय. चाळीस जणांचे प्रत्येकी ४,९९९ म्हणजे १ लाख ९९ हजार ९६०. दोन लाखांना चाळीस रुपये कमी. एवढ्या पैशांसाठी शेळीवाल्याला पंचवीस बोकड वाढवावे लागतात. म्हणजे वर्षभर शेवरी-सुबाभूळ तोडायची, तुरीचं भुसकट साठवायचं, रात्री-अपरात्री कंदील घेऊन वेत करायचं, मग वरखेडीच्या बाजारात उभं राहून रुमालाखाली बोटं दाबत भाव करायचा. प्रशिक्षणार्थीला यातलं काही लागत नाही. तो स्वतःच्या पायांनी चालत गोठ्यात येतो. त्याला लस नको, खुरं कापायला नकोत. पोहे आणि वरण-बट्टीवर दोन दिवस आनंदाने राहतो आणि अठ्ठेचाळीस तासांत पूर्ण वजन देतो. शिवाय फ्लेक्सवर बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘दोन मित्र आणा, तुमची फी निम्मी.’ म्हणजे एका वेतात जुळी! उस्मानाबादी शेळी कधी जुळी देईल, कधी एकच देईल, कधी भाकड राहील. खानदेशातलं बेकार पोर मात्र जुळीच देतं, कारण त्याच्या पारावर त्याच्यासारखीच अजून दोघं बसलेली असतात. आणि या कळपात मरतूक शून्य. सरांनी फळ्यावर मांडलेला हिशेब मुळात खरा होता, फक्त शेळी कोण हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

परंपरा तशी जुनी आहे. १८४० च्या सुमाराला गोऱ्या सरकारने अमेरिकेतून कापसाचे मळेवाले आणले होते, इथल्या शेतकऱ्याला कापूस शिकवायला. ज्या देशात हजारो वर्षं लोक कापूस नेसत होते तिथे. काही वर्षांत बहुतेकांनी गाशा गुंडाळला. पण त्यांचा पगार सरकारने दिला होता, फी शेतकऱ्याकडून घेतली नव्हती, एवढी सभ्यता तेव्हा होती. आपल्या आठवणीत ईमू आला. फळ्यावर तेव्हा ईमू होता, त्याचं तेल, पीस, अंडं, कातडी सगळं सोन्याच्या भावाचं होतं, आणि परत खरेदीची हमी स्टँप पेपरवर होती. २०१२ च्या आसपास खरेदी करणारेच गायब झाले, आणि ते सहा फुटी पाखरू कुणाच्या तरी कोठ्यात रोज धान्य खात, खिडकीतून मान काढून मालकाकडे बघत राहिलं. मग कडकनाथ, २०१९ ला त्याचंही पितळ उघडं पडलं. त्याआधी सातपुड्याकडे सफेद मुसळी होऊन गेली. प्रत्येक वेळी प्रशिक्षण होतं, बॅग होती, चहा होता, आणि फळ्यावर कुठलाच जीव मरत नव्हता.

प्रमाणपत्राबद्दलही सांगायला हवं, कारण पोरं त्याच्यासाठीच आलेली असतात. जाड कागद, सोनेरी कडा, दोन सह्या, तिसऱ्या सहीची रिकामी जागा. पुण्याच्या दोघांनी ते लगेच फोटो काढून जगाला दाखवलं, ‘अखेर शेतकरी झालो.’ सरांनी त्यांना सांगितलं नाही की १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे, आधीच शेतकरी नसलेल्याला या राज्यात परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे शेती शिकलेला माणूस शेतकरी नाही, आणि शेतकरी ठरायला आधी शेत हवं. तलाठी प्रमाणपत्र बघत नाही, तो सातबारा बघतो. उलट माझ्या शेजारच्या पोराकडे सातबारा होता, त्यावर बापाचं, काकाचं, आत्याचं आणि मेलेल्या आजोबांचं नाव होतं, आणि बँकवाल्याने त्याला सांगितलं होतं की शेळ्यांच्या कर्जाला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आण. ज्याच्या घरात तीन पिढ्या शेळ्या आहेत त्याला शेळी कळते याचा पुरावा कोटवाल्याकडून आणायचा. आजीची सही चालत नाही, ती अंगठा करते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं होती. पहिली आठ मिनिटं काकांनी घेतली, मध्येच लाईट गेली, जनरेटर सुरू झाला. मग मागच्या रांगेतून धरणगावकडचे एक आबा उठले. ते मुलाच्या ऐवजी आले होते, कारण पैसे भरल्यावर मुलाला सुरतेला काम लागलं होतं आणि फी परत मिळत नव्हती. दोन दिवस ते गप्प होते. त्यांनी फळ्याकडे बोट केलं आणि विचारलं, ‘‘सर, अन् ह्या बकऱ्या मरतस नही का?’’

हॉल हसला. सरही हसले. ते आठ वर्षांचे मुरलेले होते.

‘‘खूप छान प्रश्न, आबा. टाळ्या झाल्या पाहिजेत आबांसाठी.’’ टाळ्या झाल्या. ‘‘तर ‘मरतूक व्यवस्थापन’ हा विषय आपल्या ॲडव्हान्स बॅचमध्ये आहे. तीन दिवस, निवासी. फी ११,९९९. आजच नाव नोंदवलं तर पाचशे रुपये कमी.’’

आबा खाली बसले. पाच जणांनी तिथेच नावं नोंदवली, माझ्या शेजारचा पोरगा त्यात होता. त्याने फक्त एवढंच विचारून घेतलं, की दोन मित्र आणले तर फी निम्मी, ही सवलत ॲडव्हान्सलाही आहे का. आहे, म्हणाले.